आकडा हिरवा, पाय जड

तुमचा मुलगा किंवा मुलगी फुटबॉल अकादमीत असेल, तर प्रशिक्षकांच्या मोबाइलवर एखादा तक्ता कदाचित पाहिला असेल: खेळाडूचं नाव, पुढे आकडा, आणि त्याला हिरवा किंवा लाल रंग. असा आकडा अनेकदा ‘ॲक्यूट-क्रॉनिक वर्कलोड रेशो’ असतो. आज त्याचीच जरा उलटतपासणी करू.

आधी तो काढतात कसा? सराव संपला की खेळाडू सांगतो, किती दमलो, ० ते १० पैकी. त्याला मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटांचा सराव, दमणूक ४, म्हणजे भार ३६०. आठवड्याची बेरीज करायची आणि तिला शेवटच्या चार आठवड्यांच्या (हाही आठवडा धरून) सरासरीने भागायचं. २०१६ मध्ये टिम गॅबेट यांच्या गाजलेल्या लेखाने सांगितलं की ०.८ ते १.३ हा त्यातल्या त्यात सुरक्षित पट्टा, १.५ च्या पुढे धोका. मूळ विचार शहाणपणाचाच आहे: भार एकदम वाढवू नका.

घोळ आहे तो गणितात. समजा एका मुलाचा भार तीन आठवडे १२०० होता. मग शाळेची स्पर्धा आणि क्लबची लीग एकत्र आली आणि तो २००० झाला. सरासरी १४००, गुणोत्तर १.४३. प्रशिक्षक सावध होतात. पण सामने तर सुरूच आहेत. पुढच्या आठवड्यातही २०००: गुणोत्तर १.२५, म्हणजे ‘सुरक्षित’. अशा चौथ्या आठवड्यात ते बरोब्बर १ होतं.

बघा, काय झालं? मुलाला महिनाभर उसंत नाही आणि आकडा मात्र दर आठवड्याला सुधारतोय! गुणोत्तर फक्त बदल मोजतं. दाटीवाटीच्या वेळापत्रकात खरा प्रश्न असतो तो न उतरणाऱ्या भाराचा, आणि नेमका तोच त्याला दिसत नाही. शिवाय ९० मिनिटांचा सामना (दमणूक ६) आणि दोन हलके सराव (प्रत्येकी ९० मिनिटं, दमणूक ३) यांचा भार सारखाच, ५४०. शरीराला मात्र हे दोन्ही सारखे नसतात. आणि वाढीच्या वयात उंची झपाट्याने वाढत असेल, तर कालचा झेपणारा भार आज झेपेलच असं नाही. त्याचाही या भागाकारात पत्ता नाही.

मग प्रत्यक्ष वापरून कुणी तपासलं का? हो. नॉर्वेतल्या १९ वर्षांखालच्या अव्वल संघांवरचा प्रयोग २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ४८२ मुलं-मुली. चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या काही संघांनी या गुणोत्तरानुसार सराव आखला, बाकीच्यांनी नेहमीसारखा. हंगामाअखेर दुखापती-आजारांच्या प्रमाणात फरक आढळला नाही.

या निकालाचा अर्थ लावताना घाई नको. दुसऱ्या गटाचे प्रशिक्षकही काही डोळे मिटून सराव घेत नव्हते. तेव्हा ‘भार सांभाळणं व्यर्थ’ असं हा प्रयोग म्हणत नाही. नेहमीच्या समजुतीवर या गुणोत्तराने वेगळी भर घातल्याचं दिसलं नाही, एवढंच म्हणता येतं.

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. प्रशिक्षकाच्या हातात सराव असतो, सामन्यांच्या तारखा नसतात. एकच मुलगा शाळा, क्लब आणि जिल्हा अशा तिघांसाठी खेळतो, तेव्हा तिघांच्या तक्त्यांवर तो हिरवा असू शकतो, कारण प्रत्येकाला दिसतो फक्त आपापला तिसरा हिस्सा.

म्हणून पालकांनो, एक साधी वही ठेवा. सगळ्या संघांचे सामने, मिनिटं, झोप आणि ‘आज कुठे दुखतंय का?’ याचं उत्तर एकाच पानावर लिहा, आणि ते पान तिन्ही प्रशिक्षकांना दाखवा. दोन सामन्यांत एकच दिवस असेल, तर मधला सराव हलका किंवा रद्द करायला सांगा. आणि आयोजकांना तारखांबद्दल जरूर विचारा. तो प्रश्न कुठलंच ॲप विचारणार नाही.