आज्ञापत्रातील आरमार आणि रयतेची झाडे

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील झाडांविषयीचा उतारा अलीकडे फार लोकप्रिय झाला आहे. वृक्षारोपणाचा समारंभ असो की शाळेचे स्नेहसंमेलन असो, तो फलकावर लिहिलेला आढळतो. खाली बहुधा शिवाजी महाराजांचे नाव असते, आणि पर्यावरणाचा विचार आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वीच झाला होता, अशा अर्थाचे एखादे वाक्य जोडलेले असते. समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या आमच्या उमरीपर्यंतही तो येऊन पोचला आहे. फलक लिहिणाऱ्यांचा हेतू चांगला आहे, याविषयी आमचा वाद नाही. परंतु ज्या प्रकरणातून तो उतारा काढला आहे, ते प्रकरण वाचण्याचे श्रम फारसे कोणी घेतलेले दिसत नाहीत. ते प्रकरण झाडांविषयी नाही. ते आरमाराविषयी आहे. आणि आमच्या मते उताऱ्याचे सारे मोल याच एका गोष्टीत आहे.

आज्ञापत्र हा ग्रंथ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. कोल्हापूरच्या गादीवरील संभाजीराजांच्या आज्ञेचे रूप त्यास दिलेले आहे. रामचंद्र नीलकंठ हे १६७४ च्या राज्याभिषेकसमयी अमात्यपदी होते. पुढे राजाराम महाराज जिंजीस गेले असता महाराष्ट्रातील कारभाराचा भार मुख्यतः त्यांनीच वाहिला. राज्य उभे राहताना, मोडताना आणि पुन्हा सावरताना ज्याने पाहिले, तो पुरुष उतारवयात राज्यनीती सांगावयास बसला, तेव्हा त्याच्यापाशी पोथीतल्या वचनांपेक्षा अनुभवाचा हिशेब अधिक होता. तेव्हा ग्रंथ महाराजांचा नव्हे, महाराजांच्या हाताखाली शिकलेल्याचा आहे, एवढी दुरुस्ती फलकावर व्हावयास हवी. मात्र स्वर एकाच घराण्यातला आहे, हेही मान्य केले पाहिजे. चिपळूणच्या छावणीस महाराजांनी लिहिलेले पत्र वाचकांच्या परिचयाचे असेल. पावसाळ्याच्या बेगमीचा दाणा आणि वैरण आताच उधळून टाकाल, तर पुढे रयतेच्या घरात शिराल आणि तिला मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय. तेथेही विषय घोड्यांच्या चाऱ्याचा आहे, आणि लक्ष मात्र कुणब्याच्या घराकडे आहे.

आरमाराचे प्रकरण ग्रंथाच्या अखेरीस येते. समुद्रावर सत्ता हवी असेल तर आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंगच समजावे, असे सांगून ग्रंथकार तपशिलात शिरतो. गुराबा केवढ्या असाव्या, गलबते कशी सजवावी, पावसाळ्यात छावणी कोठे करावी, कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांस कसे वागवावे, हे सारे तो सांगतो. आरमाराचा तनखा मुलखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या पैदाशीवर नेमू नये, हा त्याचा सल्ला तर फारच मार्मिक आहे. पोट ज्यावर चालते त्यासच मनुष्य पिळतो. सावकार नाडला गेला म्हणजे बंदर ओस पडते, आणि बंदर गेल्यावर आरमार कशासाठी ठेवावयाचे? इतक्या रोखठोक मनाचा हा मनुष्य आहे.

आणि असा मनुष्य लाकडाच्या प्रश्नापाशी येतो. आरमारास तख्ते पाहिजेत, डोलकाठ्या पाहिजेत. राज्याच्या अरण्यात सागवानादी वृक्ष आहेत. त्यांतले लागेल ते हुजुरास कळवून, परवानगी घेऊन तोडावे. त्याने भागले नाही तर परमुलखातून विकत आणावे. राहता राहिले आंबे आणि फणस. त्यांचेही लाकूड जहाजास चालते, हे ग्रंथकार स्वतःच कबूल करतो. आणि लगेच त्यांस हात लावण्याची मनाई करतो. कारण असे की, ही झाडे वर्षादोनवर्षांत होणारी नव्हेत. रयतेने ती लावून पोटच्या पोराप्रमाणे दीर्घकाळ जोपासलेली आहेत. ती तोडली म्हणजे तिच्या दुःखास अंत राहत नाही. एखादे झाड अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाले असेल, तर धन्यास राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषाने न्यावे; जबरदस्ती मुळीच करू नये.

या उताऱ्याची भाषा पाहण्यासारखी आहे. सबंध ग्रंथात क्रियापदे विध्यर्थी चालतात: असे करावे, तसे करू नये. हुकूम देणारा सहसा कारणे देत बसत नाही. येथे मात्र आज्ञा देऊन झाल्यावर ग्रंथकार थांबतो, कारण सांगू लागतो, आणि सांगता सांगता चक्क प्रश्न विचारून बसतो. राज्यशास्त्राच्या कोरड्या गद्यात क्षणभर दुसऱ्याच्या अंगणातील रडणे ऐकू येते. तेवढ्यापुरते का होईना, हे गद्य वाङ्मय झाले आहे.

दुर्गाच्या प्रकरणाशी हे ताडून पाहावे. गडावर आंबे, फणस, चिंचा, वड, पिंपळ लावावे आणि जपावे, असे तेथेही सांगितले आहे. परंतु तेथील कारण वेगळे: प्रसंग पडल्यास लाकूड हाताशी असावे. म्हणजे तोच आंबा गडावर असेल तर तो साठा आहे, आणि रयतेच्या दारी असेल तर ते लेकरू आहे. झाड तेच, जात तीच. फरक पडतो तो त्यास कोणी पाणी घातले यामुळे. मग या लेखकास निसर्गपूजक म्हणावयाचे कसे? वृक्षांत आत्मा आहे म्हणून ते तोडू नयेत, असे तो म्हणत नाही. वनश्रीचे सौंदर्य त्याच्या गावीही नाही. त्याला दिसतो तो माणसाने झाडात घातलेला काळ.

अलीकडे 'शाश्वत विकास' हा शब्द सर्वतोमुखी झाला आहे. १९८७ साली ब्रुंटलँड समितीच्या अहवालाने त्याची जी व्याख्या रूढ केली, तिचा भर पुढच्या पिढ्यांवर आहे: त्यांच्या गरजांना बाध न आणता आपल्या गरजा भागवाव्या. २०१५ साली संयुक्त राष्ट्रांनी सतरा ध्येये ठरविली, त्यांतले चौदावे सागराच्या जीवसृष्टीसाठी आहे. ही दृष्टी थोर आहे खरी. पण न जन्मलेल्यांच्या नावाने बोलणे तसे सोपे असते. ते येऊन हरकत घेत नाहीत. आज्ञापत्र ज्याची भीड बाळगते तो धनी समोर उभा आहे, आणि तो 'नाही' म्हणू शकतो. शिवाय बोलणारा कोणी तटस्थ उपदेशक नाही. लाकडाची गरज त्याचीच आहे. ज्याला काही नको आहे त्याच्या संयमाचे कौतुक ते काय?

येथवर आम्ही उताऱ्याची बाजू घेतली. पण टीकाकाराने ग्रंथापुढे केवळ हात जोडून उभे राहणे योग्य नव्हे. अमात्यांचे माप आंब्याला लागू पडते; ज्या समुद्रासाठी हे सारे चालले आहे त्याला ते लागू पडते काय? समुद्रातला मासा कोणी लावला नाही, कोणी पाणी घालून वाढविला नाही. पापलेटाचा धनी कोण, आणि राजी कोणाला करावयाचे?

याचे उत्तर ग्रंथात नाही. ते कोकणच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या रीतीत थोडेफार सापडते. पावसाळा लागला की होड्या वर ओढावयाच्या, आणि श्रावणी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच त्या पुन्हा पाण्यात लोटावयाच्या, ही ती रीत. तिच्या मुळाशी वादळाचे भय आहे, हे उघड आहे. पण त्याच महिन्यांत अनेक जातींचे मासे अंडी घालतात, आणि रीतीने तेही साधले जाते. ज्याला धनी नाही त्याला रीतीने धनी करून ठेवले आणि त्याच्या संमतीची तिथी ठरवून दिली. कायद्यालाही हे तत्त्व पटलेले आहे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारीचा कायदा १९८१ चा; यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी घालण्याचा परिपाठ आहे. नारळी पौर्णिमा मात्र बहुधा ऑगस्टात येते. या मधल्या थोड्या दिवसांत ज्याची यंत्रनौका मोठी तो आधी जातो, आणि तिथी पाळणारा मागे राहतो. पर्ससीन जाळ्यांवर २०१६ साली निर्बंध आले. २०२३ साली पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला. मान मिळू लागला की समजावे, ताटातले प्रमाण घटले आहे!

परंतु खरी कसोटी बंदराची. डहाणू तालुका १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले. १९९८ साली त्या प्राधिकरणाने वाढवण येथील नियोजित बंदरास नकार दिला. २०२३ साली त्याच प्राधिकरणाने नव्या योजनेस अनुमती दिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. खर्चाचा अंदाज ७६,२२० कोटी रुपयांचा. समुद्रात भर घालून १,४४८ हेक्टर जमीन निर्माण करावयाची. आम्ही बंदराच्या विरुद्ध नाही, आणि अमात्यही नव्हते. बंदरे राहिली पाहिजेत, हाच त्यांचा आग्रह होता. देशास मोठे बंदर हवे, ही गरज खोटी आहे असेही आम्हांस म्हणवत नाही. पण आरमाराची गरज तरी कोठे खोटी होती? गरज खरी असतानाच धन्यास राजी करा, असे आज्ञापत्र म्हणते. किनाऱ्यावरील मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध नोंदविला आहे. त्यांना भरपाई देता येईल. पण ग्रंथात पैसे आणि संतोष हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवले आहेत, आणि एक दिला म्हणून दुसरा मिळाला असे धरलेले नाही.

आता दुसरी उणीव. आणि ती आम्हांस अधिक बोचते, कारण तीत आमचे गाव येते. रयतेचा आंबा वाचवावयाचा म्हणून परमुलखातून लाकूड आणा, असे अमात्य सहज सांगून जातात. विकत आणा म्हणतात, लुटून नव्हे, हे खरे. पण परमुलखातल्या त्या झाडांनाही कोणी पाणी घातले असेल काय, हा प्रश्न त्यांना पडत नाही. करुणेची सीमा राज्याच्या सीमेपाशी संपते. आणि १७१६ च्या सुमारास उमरी कोठे होती? नांदेडचा हा सारा प्रदेश तेव्हा मोगलांच्या दख्खन सुभ्यात होता. पुढे तो निजामाकडे गेला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेच राहिला. म्हणजे ज्या फलकापुढे आमची मुले टाळ्या वाजवितात, त्या फलकाच्या लेखी आमच्या पूर्वजांचे आंबे परमुलखातले होते. किनवट-माहूरच्या अरण्यातील साग तर दूरच राहिला.

अमात्यांना हा दोष देणे कठोर वाटेल. त्यांच्या काळी राज्याबाहेरच्या रयतेची चिंता वाहणारा राजनीतिज्ञ शोधूनही मिळाला नसता. पण हा दोष त्यांच्याबरोबर संपला नाही, म्हणून तो सांगावा लागतो. उमरीच्या दक्षिणेस थोड्याच अंतरावरून गोदावरी वाहते. त्र्यंबकेश्वरापासून बंगालच्या उपसागरापर्यंत तिचा प्रवास १,४६५ किलोमीटरांचा. त्यात आम्ही कोठे तरी मध्यावर. आम्हांला ती नदी वाटते, समुद्र वाटत नाही. पण तिने वाहून नेलेल्या गाळावाळूनेच खाली आंध्रच्या किनाऱ्यावर तिचा त्रिभुज प्रदेश उभा राहिला. धरणांनी गाळ अडविला, तेव्हापासून तो प्रदेश भर पडण्याऐवजी झिजू लागला आहे. वाळू आम्ही उपसतो. किनारा परमुलखात खचतो.

पाण्याच्या बाबतीत निदान न्यायालयाने आम्हांस शेजाऱ्याची आठवण ठेवावयास लावली. आमच्या शेजारच्या धर्माबाद तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा महाराष्ट्र-आंध्र वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय झाला: बंधारा राहील, परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर त्याचे दरवाजे उघडे राहतील. आमच्याकडील शेतकऱ्यास हा निर्णय आजही जाचतो. भर पावसाळ्यात डोळ्यांदेखत पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात नदीचे पात्र उघडे पडते, ही त्याची तक्रार खोटी नाही. तरीसुद्धा पावसाळ्याच्या ज्या काळात किनाऱ्यावरचा कोळी आपली होडी वर ओढतो, त्याच काळात आमचे दरवाजे वर उचललेले असतात, हा योगायोग आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. कोळ्याने ते रीतीने केले. आम्हांस हुकमाने करावे लागले. वाळूच्या बाबतीत तर आमच्याकडे रीतही नाही, आणि हुकूम असून तो पाळला जात नाही. नदीकाठचा रस्ता रात्री कोणाच्या चाकांनी उखडतो, हे गावातल्या पोरासही ठाऊक असते.

म्हणून फलक लिहिणाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, पुढच्या खेपेस तो उतारा आंब्याफणसापासून सुरू करू नये. त्याच्या आधीचे परमुलखाचे वाक्यही लिहावे, आणि खाली महाराजांऐवजी अमात्यांचे नाव घालावे. मुलांनी विचारलेच, तर परमुलूख म्हणजे कोणता, हे नकाशा काढून दाखवावे. नकाशावर उमरी आधी शोधावी.