शीळ कोणाची?

मेहकरला ना. घ. देशपांडे यांच्या कवितांवरचा एक घरगुती कार्यक्रम होता. त्याला आता बरीच वर्षं झाली. निवेदन लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. ‘शीळ’ या कवितेवर मी दीड पान लिहिलं. कवीचा जन्म 1909 चा, गाव सेंदूरजना, वकिली मेहकरात, 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘खूणगाठी’ला, असं सगळं त्यात आलं. कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, “सगळं सांगितलंत, पण चाल कोणाची ते नाही सांगितलं.” मी “जी. एन. जोशी” असं उत्तर दिलं. ते म्हणाले, “ते मला माहीत आहे हो. कागदावर का नाही?”

त्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मी संगीत शिकलेलो नाही. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करता करता ऐकायला शिकलो, आणि ऐकता ऐकता वाचायला लागलो. त्यामुळे या लेखात रागाचं व्याकरण फारसं सापडणार नाही. आमच्या जिल्ह्यातल्या एका कवितेला चाल लावून तिला महाराष्ट्रभर नेणाऱ्या तरुण संगीतकाराचं पुढे काय झालं, एवढंच मला तपासायचं आहे.

जोशी आणि ना. घ. दोघेही 1909 साली जन्मलेले, दोघेही कायदा शिकलेले. 1932 च्या सुमाराला ‘शीळ’ची तबकडी निघाली तेव्हा दोघांची वयं तेवीसच्या आसपास होती. ना. घं.चा ‘शीळ’ हा पहिला संग्रह मात्र 1954 साली आला. या दोन घटनांमधली वीस-बावीस वर्षं आपण नीट लक्षात घेतलेली नाहीत. एवढा काळ ही कविता हजारो लोकांच्या ओठांवर होती, आणि तिचं पुस्तकच नव्हतं. ती तबकडी हेच तिचं पुस्तक होतं. मग त्या पुस्तकाच्या कर्त्यांमध्ये जोशींना धरायचं की नाही? इतकी वर्षं आपण त्यांना नुसते गायक म्हणत आलो.

त्या तबकडीच्या अंगाची थोडी ओळख हवी. दहा इंची लाखेची तबकडी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. त्याआधीच्या काळात गाणाऱ्याला भोंग्यात तोंड घालून खड्या आवाजात गावं लागे. रंगभूमीवरच्या गळ्यांना ते जमायचं, कारण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याची त्यांना सवय होती. 1925 नंतर विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला आणि हळू आवाजही तबकडीवर उमटू लागला. कानाशी बोलल्यासारखं गाणं शक्य झालं. मराठी भावगीताचा जन्म आपण नेहमी रविकिरण मंडळाच्या आणि काव्यगायनाच्या वातावरणातून सांगतो. ते खरंच आहे. पण मायक्रोफोन नसता तर ते वातावरण दिवाणखान्यातच राहिलं असतं. दुरुस्तीवाल्याचं हे मत कुणाला एकांगी वाटलं तर वाटो.

‘शीळ’ची चाल या नव्या सोयीचा पुरेपूर उपयोग करते. तिच्यात ताना नाहीत, शब्दांना बाजूला सारणाऱ्या हरकती नाहीत. ध्रुवपद पुन्हा पुन्हा परत येतं आणि दर वेळी जरा दुरून आल्यासारखं वाटतं. कवितेचा विषयच तो आहे: रान ओलांडून गेलेली शीळ आणि ती ऐकून जागच्या जागी हललेली एक बाई. तिथे मोठा आवाज लावला असता तर शीळेची हाक झाली असती.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. कविता बाईच्या तोंडची आहे आणि गातो आहे पुरुष. ही आपल्याकडे नवलाई नव्हती, बालगंधर्वांचा काळ नुकताच मावळत होता. पण तिथे पुरुष स्त्री होऊन गायचा, लुगडं नेसून, नखरा सांभाळून. जोशी स्त्री होत नाहीत. ते साध्या पुरुषी आवाजात तिचं मनोगत सांगतात, लाडिकपणा आणत नाहीत. त्यामुळे शब्द तिचे आणि आवाज त्याचा अशी दुपदरी गंमत होते. शीळ घालणाराच जणू तिच्या मनातलं गातो आहे. ना. घं.च्या ओळींत हा अर्थ नाही, तो चालीनं आणि आवाजानं आणला. यालाच मी संगीतकाराचं कर्तृत्व म्हणतो.

ना. घं.चीच ‘नदीकिनारी’ही जोशींनी गायली. मेहकरच्या माणसाला ती नदी पैनगंगाच वाटते. या गाण्यात ते अधिक सफाईनं गातात आणि मला ते थोडं कमी आवडतं. सफाईबरोबर सावधपणाही येतो.

तरुणपणीच्या एका कृतीनं आयुष्यभर ओळखलं जाणं आपल्याकडेच घडतं असं नाही. बल्गेरियाच्या पांचो व्लादिगेरोव्ह या पियानोवादक-संगीतकाराची गोष्ट मला इथे आठवते. जन्म 1899 चा. विद्यार्थिदशेत बर्लिनमध्ये त्याला 1918 आणि 1920 अशी दोनदा मेंडेल्सझोन पारितोषिकं मिळाली. 1922 साली, तेविसाव्या वर्षी, त्यानं ‘वारदार’ ही रचना केली आणि त्याच्या देशात ती जवळजवळ राष्ट्रीय ठेवा झाली. तिच्यातली मुख्य धून लोकांना लोकगीत वाटायची, प्रत्यक्षात ती डोब्री ख्रिस्तोव्ह या संगीतकाराच्या गाण्यातली. म्हणजे तिथेही ऐकणाऱ्यांनी एका कर्त्याचं नाव पुसून ते ‘लोक’ या मोघम मालकाच्या खात्यावर टाकलं. ‘शीळ’ हे वऱ्हाडातलं जुनं गाणं आहे असं मला आमच्याच भागातल्या दोघांनी छातीठोकपणे सांगितलं आहे.

व्लादिगेरोव्ह 1932 मध्ये मायदेशी परतला, सोफियात शिकवू लागला आणि 1978 पर्यंतच्या उरलेल्या आयुष्यात लिहीत राहिला. जोशींची वाट वेगळी. 1938 मध्ये ते एच.एम.व्ही. कंपनीत नोकरीला लागले आणि दुसऱ्यांचं गाणं मुद्रित करणं हे त्यांचं काम झालं. स्वतः गाणं एकदम थांबलं नाही. गांधारी हनगल या नावानं ज्यांच्या सुरुवातीच्या तबकड्या निघाल्या त्या गंगूबाईंबरोबरचं त्यांचं द्वंद्वगीत जुने शौकीन अजून काढून ऐकतात. पण कल बदलला. भावगीताच्या जाहीर बैठकींचा जमाना गजाननराव वाटव्यांनी गाजवला, आणि पहिली वाट पाडणारा माणूस काचेपलीकडच्या खुर्चीत बसला.

कितीतरी वर्षं मी याला नुकसान समजत होतो. नोकरीनं एक संगीतकार खाल्ला, अशी एक ओळही माझ्या जुन्या टिपणात आहे. ती मला खोडावी लागली ती 1967 च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मुळे. शिवकुमार शर्मांचं संतूर, ब्रिजभूषण काबरांची गिटार, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. निर्माते जी. एन. जोशी. काश्मीरच्या दरीतल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेच्या अहिरभैरवापासून पुढे सरकत जाणारा. वादक तेव्हा तरुण होते, आणि रागसंगीताला असा गोष्टीचा धागा देणं पुष्कळांना उथळ वाटण्याजोगं होतं. तरी ती तबकडी जगभर गेली.

आता हे दोन्ही एकामागून एक ऐका. उघडं रान, नजरेआड असलेला माणूस आणि वाऱ्यावर लांबून आलेला सूर. पस्तीस वर्षांच्या अंतरानं तेच चित्र परत आलं आहे. पहिल्या खेपेला गळा स्वतःचा होता, दुसऱ्या खेपेला बासरी दुसऱ्याची. वादकांचं श्रेय यात तसूभरही कमी होत नाही. पण दोन्ही ठिकाणी मायक्रोफोनला काय ऐकवायचं हे ठरवणारा कान एकच होता, असं मला वाटतं.

तरीही हिशेब पूर्ण जुळत नाही, हे कबूल केलं पाहिजे. ‘डाउन मेलडी लेन’ हे त्यांचं 1984 चं पुस्तक वाचताना वाईट वाटतं. पानंच्या पानं इतर कलावंतांची: त्यांचे स्वभाव, त्यांच्या लहरी, त्यांची मनधरणी. लिहिणाऱ्यानं स्वतः चाली कशा केल्या, एखादा शब्द कुठे ओढला आणि का, यावर ते मोकळेपणानं फार कमी बोलतात. नम्रता असेल, किंवा दुसऱ्याला पुढे करण्याची नोकरीतली सवय. आपल्यासारख्या शोधणाऱ्यांचं मात्र त्यामुळे नुकसान झालं. 1994 साली ते गेले. ना. घ. 2000 पर्यंत होते.

परवा त्या निवेदनाचा पिवळा पडलेला कागद सापडला. ‘कवी’ या शब्दाखालच्या मोकळ्या ओळीत ‘चाल आणि गायन: जी. एन. जोशी’ असं लिहिलं. ज्यांनी विचारलं होतं ते गृहस्थ आता नाहीत. कागद पुन्हा फायलीत लावला आणि पैनगंगेच्या या भागात कुणाकडे ती मूळ तबकडी अजून आहे का, याची चौकशी सुरू केली आहे. चिरलेली असली तरी चालेल, सुई मी बसवून देईन.