शोभाबाईंचा एक शब्द

माझं माहेर बेळगावचं. म्हणून शोभा गुर्टू आमच्या गावच्या, असं मी राऊला आल्यापासून कुणालाही ठणकावून सांगते. पण खरं सांगू का, माहेरी रेडिओवर त्यांची ठुमरी लागली की आज्जी लगेच उठून बटण पिळायची. "असली गाणी आपल्यात नाहीत गं." आपल्यात म्हणजे भक्तामर, स्तवनं, फार तर नाटकातलं एखादं पद. ठुमरी म्हणजे कोठा, एवढंच तिला ठाऊक.

आज्जीला सगळाच दोष देत नाही. ठुमरी आली तिथूनच. 1925 साली जन्मलेल्या भानुमती शिरोडकर, म्हणजेच पुढच्या शोभाबाई, या मेनकाबाईंच्या लेक. मेनकाबाई नर्तकी, आणि अल्लादियाखाँसाहेबांकडे गाणं शिकलेल्या. लेकीला कोल्हापुरात भूर्जीखाँची तालीम मिळाली, पुढे मुंबईत घम्मनखाँकडून ठुमरी-दादरा. विश्वनाथ गुर्टूंशी लग्न झालं आणि गाणं सुटलं नाही. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. आपल्यातल्या किती जणींची पेटी लग्नानंतर माळ्यावर गेली?

घराण्याची एवढी तालीम असून बाई 'हलक्या' गाण्यात रमल्या, असा एक सूर जाणकारांत असतो. मला तो पटत नाही. ठुमरीत एकच शब्द घोळवायचा असतो, त्याला बोल बनवणं म्हणतात. शोभाबाई तो शब्द पहिल्यांदा तक्रारीसारखा म्हणतात, मग लाडीगोडीनं, मग टोमण्यासारखा, आणि शेवटी दमून. शब्द तोच. बसल्या जागी हात आणि भुवई तेवढी हलते. चारचौघांत उघड न बोलता बोलायचं कसं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागतं का? पण ते सुरात, तालात, लय जराही न सांडता करायचं, तर पाया ख्यालाचाच लागतो. आवाजही गोडगोड नाही, जाडसर, मातीचा. अशा आवाजाच्या मुलीला आमच्या भजनी मंडळात मागच्या रांगेत बसवतात.

'मैं तुलसी तेरे आँगन की' या 1978 च्या सिनेमातली त्यांची ठुमरी ऐकून माझ्या जावेनं विचारलं, "ही कोण गं?" त्या सिनेमातली तुळस म्हणजे घरची बायको नव्हे, कोठ्यावरची बाई. आमच्या सत्संगात अर्ध्याजणींना हे अजून माहीत नाही!

गझलेत मात्र मी त्यांना पूर्ण गुण देणार नाही. गझलेच्या शेरात दोन ओळी. पहिली आस लावते, दुसरी घाव घालते. शोभाबाई ठुमरीच्या सवयीनं पहिल्याच ओळीतल्या एका शब्दात गुंततात, आणि घाव पडेपर्यंत आपण आस विसरलेलो असतो. बेगम अख्तर यांचा प्रभाव त्यांच्यावर होता, पण बेगम दुसऱ्या ओळीशी जाऊन थांबतात, हा फरक ऐकून बघा. मराठीत शोभाबाई जास्त सांभाळून गातात. 'उघड्या पुन्हा जहाल्या' मध्ये शब्दाला धरतात आणि वेळेवर सोडतातही.

1987 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, 2002 चं पद्मभूषण, हे सगळं उशिरा का होईना, झालं. 2004 च्या सप्टेंबरात त्या गेल्या तेव्हा आज्जी नव्हती. मी राऊच्या स्वयंपाकघरात कॅसेट लावली. सासूबाई दाराशी आल्या, काही बोलल्या नाहीत. बाजू संपल्यावर म्हणाल्या, "दुसरी लाव."