हालचालींची परीक्षा आणि गुणांचा मोह

भरतीचे दिवस आले की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले-मुली दिसू लागतात. पोलिस भरतीसाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघताच सराव एकदम सुरू होतो आणि थोड्याच दिवसांत कोणाची नडगी दुखते, कोणाचा गुडघा. अशा वेळी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना एक उपाय सुचवला जातो : मुलांच्या हालचाली आधीच तपासा, गुण द्या आणि दुखापत कोणाला होणार ते ओळखा. हे खरोखर जमते का?

या पद्धतींपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे अमेरिकेतील ग्रे कुक आणि ली बर्टन यांची ‘फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन’. तीत सात हालचाली आहेत. डोक्यावर काठी धरून, टाचा न उचलता उकिडवे बसणे, गुडघ्याच्या जरा खाली बांधलेली दोरी ओलांडणे, उताणे झोपून पाय सरळ वर नेणे, जोर काढणे, अशा त्या हालचाली. बिनचूक केल्यास ३ गुण, अंग वाकडे करून जमवल्यास २, न जमल्यास १ आणि दुखल्यास ०. एकूण गुण २१.

या पद्धतीचे श्रेय आधी मान्य केले पाहिजे. शाळेतल्या चाचण्या ‘किती’ एवढेच विचारतात : ६०० मीटरला वेळ किती लागला, जोर किती काढले. ही पद्धत ‘कसे’ हे पाहायला लावते. उकिडवे बसताना गुडघे आत येतात का, एक बाजू दुसरीपेक्षा आखडलेली आहे का, हे बघण्याची सवय प्रत्येक शिक्षकाला असावी.

घोटाळा होतो तो बेरजेत. एका विद्यार्थ्याला सातही हालचालींत २ गुण मिळाले, बेरीज १४. दुसऱ्याला चार ठिकाणी ३, एका ठिकाणी २ आणि दोन ठिकाणी दुखल्यामुळे शून्य. त्याचीही बेरीज १४. पहिला ठीक आहे, दुसऱ्याला डॉक्टरांकडे पाठवायला हवे. बेरजेने नेमका हाच फरक पुसला.

दुसरा आक्षेप भाकिताचा. २००७ साली अमेरिकन फुटबॉलच्या ४६ व्यावसायिक खेळाडूंवरील अभ्यास प्रसिद्ध झाला आणि १४ हा धोक्याचा आकडा ठरून गेला. त्यात गंभीर दुखापत झालेल्यांपैकी ५४ टक्के आणि न झालेल्यांपैकी ९१ टक्के चाचणीने बरोबर ओळखले होते. हेच प्रमाण आपल्या शाळेला लावून फळ्यावर गणित मांडू. समजा, १०० मुलांपैकी १० जणांना वर्षभरात दुखापत होणार आहे. चाचणी त्यांतली ५ ओळखेल, ५ सोडून देईल. उरलेल्या ९० पैकी ८ धडधाकट मुलांवर उगाच शिक्का बसेल. म्हणजे बाजूला काढलेल्या १३ मुलांपैकी ८ निर्दोष! शिवाय हे आकडे आशादायक अभ्यासातले. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा या बेरजेवरून दुखापतीचे भाकीत करण्यास आधार नाही असाच निष्कर्ष निघाला. नॉर्वेचे रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये कारणही सांगितले होते : दुखापत होणाऱ्या आणि न होणाऱ्या खेळाडूंचे गुण एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मध्ये रेघ ओढताच येत नाही.

तिसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. या शर्यतीत ९१.४ सेंटिमीटर उंचीचे अडथळे २८ वेळा आणि पाण्याचा अडथळा ७ वेळा पार करावा लागतो. जुलै २०२५ मध्ये मोनाकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यापाशी ते पडले, गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. खोलीत शांतपणे दोरी ओलांडण्यावरून असा अपघात कोणाला सांगता आला असता? दमलेले शरीर, सभोवतीची गर्दी, जमीन, जुनी दुखापत, एकाएकी वाढवलेला सराव, यांतले काहीच त्या परीक्षेत नसते.

मग करायचे काय? निवडून काही मुलांना सुधारण्यापेक्षा सर्वांनाच सुधारणारा व्यायाम द्यावा. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींना सुमारे वीस मिनिटांचा पूर्वव्यायाम दिला : धावणे, तोल सांभाळणे, पायांची ताकद, उडी मारून गुडघे आत न येऊ देता उतरणे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळल्या. यासाठी यंत्र लागत नाही, प्रमाणपत्रही लागत नाही. शाळेचे मैदान पुरते.

हालचाली जरूर पाहाव्यात, पण शिकवण्यासाठी. वहीत बेरीज मांडू नये. ‘डावा गुडघा आत येतो’ असे लिहावे आणि महिन्याने पुन्हा पाहावे. भरतीचा सराव जाहिरातीची वाट न पाहता आधीपासून, थोडा थोडा वाढवावा. आणि ‘दुखते का?’ हा प्रश्न रोज विचारावा. खरे उत्तर दिले तर सर आपल्याला संघातून काढतील, अशी भीती असलेला मुलगा ‘नाही’ म्हणेल आणि दुखऱ्या पायाने धावेल. गुणांच्या मोहाचा सर्वांत मोठा तोटा हाच आहे.