सावेडीतले इटली आणि आमचे दस्तरखान

उपाहारगृहाची समीक्षा हा प्रकार मराठीत रविवारच्या पुरवणीच्या वर फारसा गेलेला नाही. कुठे काय मिळते, किती रुपयांत मिळते, गाडी लावायला जागा आहे की नाही, एवढे सांगितले की लिहिणाऱ्याचे काम संपते. आमच्या मते खाण्याच्या जागेवर लिहिणे हे पुस्तकावर लिहिण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे, आणि असे म्हणायला आमच्या शहराचाच आधार आहे. १९४२ ते १९४५ या काळात नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना मौलाना अबुल कलाम आझादांनी हबीबुर्रहमान खान शेरवानींना उद्देशून, पाठवता न येणारी पत्रे लिहिली. ती १९४६ मध्ये 'गुबार-ए-खातिर' या नावाने प्रसिद्ध झाली. त्यांत धर्मचिंतन आहे, संगीत आहे, कोठडीतल्या चिमण्या आहेत आणि चहाही आहे. चीनचा चमेलीचा चहा, दुधाशिवाय. दूध घातलेल्या चहाला मौलाना चहा म्हणायलाच तयार नाहीत. बाहेर देश पेटलेला असताना हा माणूस चहाच्या पानांवर पाने लिहितो, याचे काहींना नवल वाटते. आम्हाला वाटत नाही. पहारा बसलेल्या माणसाजवळ आपली आवड-नावड तरी स्वतःची उरते, आणि ती त्यांनी नीट, कारणे देऊन मांडली. उर्दूत याला 'जौक' म्हणतात.

हे एवढे अशासाठी सांगितले की पुढे आम्ही ज्या जागेवर लिहिणार आहोत ती ऐकून वाचक हसतील. ती जागा म्हणजे सावेडीतले एक इटालियन रेस्टॉरंट. नाव देत नाही, कारण आमचे म्हणणे एका दुकानाविषयी नाही. आमचे अहमदनगर कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर झाले, पण जुन्या वेशींच्या बाहेर ते त्याआधीच कितीतरी पसरले होते. १९९६ मध्ये परदेशी पिझ्झा कंपन्यांची पहिली दुकाने दिल्लीत आणि बंगळुरात उघडली. पुण्यातून शाकाहारी इटालियन जेवणाची साखळीच निघाली. मग जिल्ह्याच्या गावांत पिवळे दिवे, विटांची भिंत, काळा अॅप्रन घातलेली मुले आणि जाड पुठ्ठ्याचे मेन्यूकार्ड असलेल्या जागा आल्या. आम्ही उर्दू शाळेतल्या चौघी शिक्षिका पगार झाल्यावर कधीमधी अशा ठिकाणी जातो. एकदाच जाऊन मत बनवण्याची सवय आम्हाला नाही. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की मूल्यमापन सातत्यपूर्ण असावे.

आधी पदार्थांविषयी. इटालियन जेवण म्हणजे काहीतरी फार दूरचे, फार वरचे, असा भाव या जागांच्या सगळ्या मांडणीत असतो आणि गिऱ्हाईकही तो मुकाट्याने मान्य करते. वास्तविक सुकवलेल्या पास्त्याच्या व्यापाराची जुन्यातली जुनी म्हणावी अशी नोंद अरबीत आहे. सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारातला मुसलमान भूगोलकार अल-इद्रीसी याने ११५४ मध्ये पुरा केलेल्या ग्रंथात लिहिले आहे की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया' मोठ्या प्रमाणात बनते आणि जहाजांतून मुसलमानांच्या आणि ख्रिश्चनांच्या मुलखांत जाते. मार्को पोलोने चीनहून शेवया आणल्या ही गोष्ट शाळेत अजून सांगितली जाते. तो परतला १२९५ मध्ये, म्हणजे इद्रीसीनंतर एकशे चाळीस वर्षांनी. आणि ही इत्रिया म्हणजे काय? कठीण गव्हाच्या पिठाची, सुकवलेली, महिनोन्‌महिने टिकणारी शेवई. ईदच्या आधी आमच्या अम्मीने खाटेवर चादर अंथरून वाळत घातलेल्या शेवया आणि कार्डावरची 'स्पगेटी' यांच्यात नाते शोधायला विद्वान व्हावे लागत नाही. पास्ता ज्या गव्हाचा होतो तो डुरम गहू आमच्याकडे बन्सी म्हणून विकला जातो आणि त्याच्या रव्याच्या शेवया होतात. इटलीत ज्याला 'फार्रो' म्हणतात त्यातलाच एक गहू म्हणजे आमची खपली. म्हणजे सावेडीत बसून आम्ही जे काट्याला गुंडाळत होतो ते परके नव्हते. परके होते ते काटा धरणे.

आता त्या स्वयंपाकघराचा निकाल. 'आल्यो ए ओल्यो' हा पदार्थ त्यांना उत्तम जमतो. नाव मोठे आहे, पदार्थ गरिबाचा आहे: लसूण, तेल, सुकी लाल मिरची आणि उकडलेली स्पगेटी. शेंगदाण्याच्या तेलात कालवलेली लसणाची चटणी आणि भाकरी खाल्लेल्या माणसाला तो पहिल्या घासात कळतो. साडेतीनशे रुपये त्याचे जास्त वाटतात खरे, पण ऑलिव्हचे तेल बाहेरून येते आणि सावेडीतले भाडे काही मालकाने ठरवलेले नसते. लसूण जळलेला नव्हता, स्पगेटी दाताला किंचित लागत होती. तशी लागली पाहिजे, ती कच्ची नव्हे. आमच्यातल्या एकीने ती परत करायला काढली होती, तिला आम्ही थांबवले.

'व्हाइट सॉस' मात्र फसलेला आहे. रोममध्ये आल्फ्रेदोच्या नावाने जो प्रकार प्रसिद्ध झाला त्यात लोणी आणि चीज एवढेच होते. इथे मैदा, दूध, वर मक्याचे दाणे आणि सगळ्यात शेवटी साखर. हा पास्ता नसून शीरखुर्म्याचा बिघडलेला भाऊ आहे. पास्ता त्यात इतका शिजवतात की चमच्याने खावा. लहान मुलांना आवडतो, असे उत्तर मिळाले. मुलांना आवडते म्हणून आम्ही वर्गात पाढे गाऊन घेतो, पण चुकीचे पाढे घेत नाही. उलट तंदुरी पनीरच्या पिझ्झ्यावर नाक मुरडणाऱ्यांशी आमचे मतभेद आहेत. ज्या टोमॅटोशिवाय नेपल्सच्या पिझ्झ्याचे पान हलत नाही, तो टोमॅटो अमेरिकेतून आलेला. इटलीने तो आपला केला, नगरने पनीर लावले. भट्टी चांगली तापलेली होती आणि पोळीच्या कडा फुगून डाग पडलेल्या होत्या. तंदूर ओळखणाऱ्या माणसांना एवढे पुरे.

सर्वांत मोठी तारीफ आम्हाला करायची आहे ती बसायच्या जागेची. ही गोष्ट पुरुष समीक्षकांच्या लक्षात येत नाही. आमच्या मोहल्ल्यांतल्या बिर्याणीच्या हॉटेलांत पुढची बाके पुरुषांची. बायकांसाठी मागे किंवा माडीवर 'फॅमिली रूम', म्हणजे प्लायवूडचे खोके, वर पंखा, पुढे मळका पडदा. पडदा सरकवून वेटर ताट ठेवतो आणि पडदा ओढून घेतो. 'फॅमिली' म्हणजे बरोबर पुरुष हवा, हे न लिहिता लिहिलेले असते. चार बायका, चौघी कमावत्या, नुसत्या जेवायला आल्या तर गल्ल्यावरचा माणूस आधी त्यांच्या मागे कोण येते ते पाहतो. म्हणून आमच्याकडे बायकांचे बाहेरचे जेवण म्हणजे पार्सल. ते काळ्या पिशवीतून घरी येते आणि तेही बहुधा घरातला पुरुष जेवून झाल्यावर. सावेडीत आम्हाला काचेजवळचे टेबल मिळाले. बुरखा घातलेल्या दोघी आणि नुसती ओढणी घेतलेल्या दोघी, रस्त्यावरून दिसत होत्या. कुणी मागे कोण येते ते पाहिले नाही. पाण्याचा पेला आमच्यासमोर इतरांसारखाच ठेवला गेला. बिल आम्ही मागितले आणि ते आमच्याच हातात आले. ज्यांना ही क्षुल्लक बाब वाटते त्यांनी आपल्या आईला शेवटचे कधी हॉटेलच्या पुढच्या बाकावर बसवले ते आठवून पाहावे.

आमच्या कथा-कादंबऱ्यांवरही इथे एक आक्षेप नोंदवतो. मुस्लिम मराठी कथेत दस्तरखान पुष्कळ अंथरले जाते. ईद, शीरखुर्मा, शेजाऱ्यांना गेलेली वाटी, लग्नातली बिर्याणी. खाऊ घालणारी बाई त्यात असते. पैसे देऊन खाणारी बाई आम्हाला सहसा भेटत नाही. शेजारच्या वाटीने सलोखा सिद्ध करण्याची जबाबदारीही तिच्यावरच टाकलेली असते. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजत होते आणि का, ते मांडले. ते वाचताना आम्हाला सारखे वाटत राहिले की आमच्या लेखकांनी शीरखुर्म्याच्या पलीकडे जाऊन महिनाअखेरच्या खिचडा-चटणीवर आणि रांगेत उभे राहून आणलेल्या पार्सलवर लिहिले पाहिजे.

आता मेन्यूकार्ड. कार्ड इंग्रजीत आहे, त्याबद्दल तक्रार नाही. काही नावांखाली पदार्थ कशाचा आहे तेही दिले आहे, ही चांगली गोष्ट. हिरवा ठिपका आहे. तळाशी ठळक अक्षरांत लिहिले आहे की जैन पदार्थ मिळतील. कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसाला इथे संकोच वाटू नये, याची काळजी घेतली आहे. आम्हाला ती मनापासून आवडली. पण चिकनच्या पानावर आमच्या प्रश्नाचे उत्तर कुठेच नव्हते. इटालियन जेवणात हा प्रश्न एकाच ठिकाणी येत नाही. कोंबडी कशी कापली, हा एक. सॉसमध्ये वाइन आहे का, हा दुसरा. अस्सल पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रसाने विरजतात, हा तिसरा. पान्ना कोत्ता जिलेटिनवर थिजते, हा चौथा. 'पेपरोनी'चे तर बोलायलाच नको. एवढे सगळे मनात घेऊन आम्ही काचेजवळ हसतमुख बसलो होतो.

पहिल्या दोन वेळी आम्ही कुणीही विचारले नाही. भाजीचा पिझ्झा मागवला आणि निघालो. तिसऱ्या वेळी आमच्यातल्या सर्वांत थोरल्या आपांनी चश्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "पूछने में क्या जाता? नहीं बोले तो नहीं खाएंगे." मग पोराला त्यांनी मराठीत विचारले, "बाळा, चिकन हलाल आहे का?" शब्द टेबलावर पडला आणि शेजारच्या टेबलावरचे बोलणे थांबल्यासारखे आम्हाला वाटले. कदाचित थांबले नसेलही. पोरगा म्हणाला, "मॅडम, आत विचारून येतो." आला तो आचाऱ्याला घेऊनच. आचाऱ्याने सांगितले की चिकन "तुमच्याच लोकांकडून" येते, वाइन ते ठेवतच नाहीत, चीज भारतीय आणि शाकाहारी शिक्क्याचे आहे, पान्ना कोत्ता चायना ग्रासचे आहे. चायना ग्रास! रमजानमध्ये आमच्या घराघरांत ज्याचे पुडिंग होते तेच ते. म्हणजे त्या कार्डावरचे जवळजवळ सगळे आम्हाला चालण्यासारखे होते आणि आम्ही दोन वेळा सिमला मिरची खाऊन आलो होतो.

मालकाने ते का छापले नाही हे समजून घेण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी घातली. जुलै २०२४ मध्ये मुझफ्फरनगरला कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळींना मालकांची नावे लावायला सांगितले गेले. त्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मार्च २०२५ मध्ये आमच्याच महाराष्ट्रात एका मंत्र्यांनी झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्र जाहीर केले. सावेडीतला दुकानदार हे सगळे वाचतो. त्याला पास्ता विकायचा आहे, मोर्चा नको आहे. त्यामुळे जो शब्द त्याच्या आचाऱ्याला अडचणीचा नाही, तो त्याच्या कार्डाला अडचणीचा झाला. 'तुमच्याच लोकांकडून' हे शब्द आम्हाला टोचले हे खरे, पण ते त्या आचाऱ्याने वाईट भावनेने म्हटले नव्हते. ग्वाही देण्याची त्याची ती पद्धत होती.

तरीही समीक्षक म्हणून आम्हाला हे गैर वाटते. एका गिऱ्हाइकाला कार्ड वाचून उत्तर मिळते आणि दुसऱ्याला शेजारच्या टेबलाने ऐकेल असे विचारावे लागते, तर दोघांच्या जेवणाची किंमत सारखी राहत नाही. शब्दाची एवढी धास्ती असेल तर तो शब्दही नको. चिकन कुठून येते, वाइन वापरत नाही, चीज आणि पुडिंग कशाचे, एवढे साध्या वाक्यात लिहिले तरी भागते. ते वाचून जैनाला, मुसलमानाला आणि दारू न पिणाऱ्या वारकऱ्यालाही उपयोग होईल.

जाणाऱ्यांसाठी: संध्याकाळी मगरिब झाल्यावर लगेच गेल्यास काचेजवळचे टेबल मिळते, आठनंतर वाढदिवसांची गर्दी होते. आल्यो ए ओल्यो घ्यावे, मिरची जास्त सांगावी. आता आम्ही चिकनचा पिझ्झाही घेतो. पान्ना कोत्ता चांगले, फक्त अम्मीच्या पुडिंगपेक्षा जरा सैल. व्हाइट सॉस घेऊ नये. तिरामिसूतली कॉफी पातळ आहे आणि बिस्किटे त्यात भिजून चिखल होतात. दोनशे ऐंशी रुपयांना तो चिखल महाग आहे.