रात्रीनंतरची सकाळ

(यात 'बफी' आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' या दोन्ही मालिकांचे शेवट येतात. बघायच्या राहिल्या असतील तर आधी बघून या.)

२२ एप्रिल २०१९, सोमवार. सकाळचे साडेसहा. हॉटस्टारवर 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आठव्या सीझनचा दुसरा भाग आला आणि मी पांघरुणातच इअरफोन लावून तो सुरू केला. बाहेर आईने कुकर लावला होता. मृतांच्या सैन्याशी लढाई तोंडावर आली आहे, कदाचित सगळेच मरणार आहेत. त्या रात्री आर्या स्टार्क गेंड्रीला शोधत कोठारात जाते, काही सरळ प्रश्न विचारते आणि मरण्याआधी हे काय असतं ते मला कळायला हवं, असं सांगते. मग स्वतःच पुढे होते.

तासाभरात आमच्या ग्रुपवर मेसेज सुरू झाले. 'ई, आर्या?' 'ती लहान आहे ना?' हे लिहिणाऱ्यांनी याच आर्याला गळे चिरताना पाहून टाळ्या वाजवल्या होत्या. वॉल्डर फ्रेला त्याच्याच मुलांच्या मांसाची पाय खायला घातली, तेव्हा कोणालाही ती लहान वाटली नव्हती. मेझी विल्यम्स ही अभिनेत्री एव्हाना २२ वर्षांची झाली होती. खून करण्याइतकी आर्या मोठी होती, इच्छा व्यक्त करायला मात्र लहान.

अवघडलेपण मी समजू शकते. आम्ही तिला शाळकरी वयापासून पाहत होतो, आपल्या घरातलीच मुलगी असल्यासारखं. पण गोम तिथेच आहे. घरातल्या मुलीने शूर झालेलं आपल्याला चालतं, तिला इच्छा असलेली चालत नाही. फॅन्टसी मालिका तरुण मुलीला तलवार, जादू, ड्रॅगन असं काहीही देतात. तिच्यात ताकद जागी होते आणि त्याच सुमारास शरीरही जागं होतं. मग मालिका काय करते? हे पाहण्यासाठी मी एक साधी कसोटी वापरते. रात्रीचा प्रसंग कसा दाखवलाय ते बाजूला ठेवायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीचं काय होतं, ते बघायचं.

ही कसोटी मला 'बफी द व्हॅम्पायर स्लेयर'ने दिली. १९९७ ते २००३ मधली ही अमेरिकन मालिका मी लॉकडाऊनमध्ये पाहिली. बफी समर्स ही सोनेरी केसांची हायस्कूलमधली मुलगी. तिच्यावर व्हॅम्पायर मारण्याची जबाबदारी आलेली असते, आणि त्यासाठी लागणारी अमानुष ताकदही. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तो एंजल स्वतः व्हॅम्पायर आहे, वय दोनशेच्या वर. पण एका शापामुळे त्याला त्याचा आत्मा परत मिळालेला आहे, म्हणून तो सज्जन आहे. शापाची अट अशी, की त्याला क्षणभर जरी खरं सुख मिळालं तरी तो आत्मा पुन्हा जाणार. बफीला ही अट माहीत नसते. जानेवारी १९९८ मध्ये लागोपाठ दोन दिवस दाखवलेल्या दोन भागांत तिचा सतरावा वाढदिवस येतो, आणि त्या रात्री ते दोघं एकत्र येतात.

सकाळी तो बदललेला असतो. ती त्याला शोधत जाते, तर तो हसतो, काल रात्र म्हणजे काही विशेष नव्हतं अशा सुरात बोलतो, तिला तिच्या अननुभवीपणावरून टोमणा मारतो. राक्षस झालेला माणूस या प्रसंगात तिला चावत नाही, ओरबाडत नाही. तो फक्त तसा बोलतो, जसे अनेक मुलगे बोलतात. भीती त्याचीच वाटते. एवढी व्हॅम्पायरची गोष्ट रचायची आणि तिच्या मध्यावर कोणत्याही कॉलेजच्या कॅन्टीनमधला प्रसंग ठेवायचा, ही या मालिकेची खरी हुशारी.

इथे माझी एक तक्रारही आहे. गोष्टीचं गणित पाहिलं तर मुलीने पहिल्यांदा सुख घेतलं आणि जगावर संकट आलं. आत्मा गमावलेला एंजल पुढे माणसं मारतो, बफीच्या शिक्षिकेलाही मारतो. सीझनच्या शेवटी त्याचा आत्मा परत येतो, पण जग वाचवायला उशीर झालेला असतो, आणि बफीला स्वतःच्या हाताने त्याच्यात तलवार खुपसावी लागते. 'पाऊल घसरलं' ही आपली जुनी गोष्टच ही. फक्त इथे घराण्याच्या अब्रूऐवजी पृथ्वी पणाला लागते.

तरीही मी या मालिकेवर फुली मारू शकत नाही, त्याला कारण त्याच दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे येणारा, गाडीत बसलेल्या दोन माणसांचा प्रसंग. जाइल्स हा बफीला शिकवणारा, सांभाळणारा मध्यमवयीन ग्रंथपाल. बफी त्याच्या शेजारी मान खाली घालून बसलीये. तू माझ्यावर खूप निराश झाला असशील, असं ती म्हणते. तो नाही म्हणतो. तू घाई केलीस, पण तुझं प्रेम होतं आणि त्याचंही होतं, पुढे काय होणार हे तुला माहीत नव्हतं. माझ्याकडून तुला दोष ऐकायचा असेल तर तो मिळणार नाही. मिळेल तो पाठिंबा आणि आदर. अशा अर्थाचं तो बोलतो आणि थांबतो.

हा प्रसंग मी लॅपटॉपवर तीन वेळा मागे नेऊन पाहिला, आणि मला माझी बारावी आठवली.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे मेसेज आणि दोन फोटो तिच्या बॉयफ्रेंडने मित्रांना पाठवले होते. आदल्या रात्री. सकाळी लेक्चरला ती आली तेव्हा ते सगळ्यांच्या फोनवर होते, हे फक्त तिला माहीत नव्हतं. पहिल्या तासाला तिच्या बाकावर कोणी बसलं नाही. ती माझी मैत्रीण होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी वही उघडली. नंतर मॅडमनी तिला स्टाफरूममध्ये बोलावून 'मुलींनी सांभाळून राहायला हवं' वगैरे सांगितलं, तिच्या घरी फोन गेला, आणि दिवाळीनंतर ती दिसलीच नाही. तो मुलगा मात्र गॅदरिंगला सूत्रसंचालन करत होता. आपल्याकडे त्या गाडीत जाइल्स नव्हता, असं म्हणून मी मॅडमकडे बोट दाखवू शकते. पण शेजारच्या सीटवर मीही होतेच.

म्हणून सकाळ महत्त्वाची. गोष्टीत संकट येतंच, संकटाशिवाय गोष्ट होत नाही. प्रश्न असा, की ते आल्यावर तिच्या बाजूला कोणी बसतं का, आणि मालिका स्वतः कोणाच्या बाजूला बसते.

या कसोटीवर 'गेम ऑफ थ्रोन्स' बऱ्याचदा नापास होते. मे २०१५ मध्ये पाचव्या सीझनच्या सहाव्या भागात सान्सा स्टार्कचं क्रूर रॅम्झी बोल्टनशी लग्न होतं आणि पहिल्या रात्री तिच्यावर बलात्कार होतो. कॅमेरा वळतो तो थिऑनच्या चेहऱ्यावर. ते बघायची सक्ती झालेल्या पुरुषाच्या यातना आपण पाहतो, सान्साचा फक्त आवाज येतो. उघडं अंग दाखवलं नाही म्हणून काही जणांनी याला संयम म्हटलं. मला तसं वाटत नाही. ज्याचा चेहरा दाखवला, दुःख त्याचं झालं. मूळ कादंबऱ्यांत रॅम्झीशी लग्न होतं ते दुसऱ्याच मुलीचं, म्हणजे सान्साला तिथे आणून उभं करणं हा मालिकेचा स्वतःचा निर्णय होता. आठव्या सीझनमध्ये सान्साची ती सकाळ एकदाची येते. हाउंडशी बोलताना ती सुचवते, की हे सगळं झालं नसतं तर मी आयुष्यभर चिमणीच राहिले असते. अत्याचार म्हणजे जणू क्लास लावला होता आणि ती त्यातून पास होऊन बाहेर पडली! ७३ भागांच्या या मालिकेतले फक्त चार भाग एका स्त्रीने, मिशेल मॅक्लॅरनने, दिग्दर्शित केले होते. बाई दिग्दर्शक असली की सगळं नीट होतं, असं मी म्हणणार नाही. पण चेहरा कोणाचा दाखवायचा, हे कोणीतरी ठरवत असतं.

डेनेरिसचं तर शेवटी होत्याचं नव्हतं केलं. पहिल्या सीझनमध्ये भावाने विकलेली ही मुलगी, लग्नाच्या रात्री रडणारी. पुढे ती स्वतःचं शरीर, स्वतःची भाषा, स्वतःचं सैन्य मिळवते. शेवटच्या सीझनमध्ये तिचा प्रियकर जॉन हा नात्याने तिचा भाचा निघतो आणि तिच्यापासून दूर होतो. तो तिला जवळ घेऊ शकत नाही, तेव्हा ती म्हणते, ठीक, मग भीतीच सही. आणि शरण आलेलं शहर जाळते. तिचा क्रूरपणा आधीपासून दिसत होता, हे मान्य. पण ठिणगी कुठली निवडली पाहा: नाकारलेली बाई. इतक्या वर्षांचं राजकारण एका न मिळालेल्या मिठीवर आणून ठेवलं.

याच्या शेजारी आता आर्याची सकाळ ठेवा. गेंड्री झोपलाय आणि ती डोळे उघडे ठेवून पडली आहे. पश्चात्ताप नाही, लाजही नाही. पुढच्याच भागात ती नाइट किंगला मारते, म्हणजे ज्या मुलीने लढाईआधी स्वतःसाठी काही मागितलं तिच्याच हातून जग वाचतं. बफीच्या गणिताच्या बरोबर उलटं. मग गेंड्री लग्नाचं विचारतो, ती प्रेमाने नाही म्हणते आणि आपल्या वाटेने निघते. ज्या प्रसंगाला ग्रुपवर 'ई' आलं, त्या प्रसंगाने मुलीला काहीही किंमत मोजायला लावली नाही. कदाचित 'ई' त्यामुळेच आलं असेल. शिक्षेशिवायची इच्छा बघायची आपल्या डोळ्यांना सवयच नाही.

'बफी'ने पुढे स्वतःचं गणित काही प्रमाणात दुरुस्त केलं. शेवटच्या सीझनमध्ये कळतं, की पहिली स्लेयर कशी घडली: काही पुरुषांनी एका मुलीला साखळीने बांधून तिच्यात जबरदस्तीने राक्षसी शक्ती भरली. बफीलाही ते तशीच जास्तीची ताकद देऊ करतात आणि ती नाकारते. मे २००३ च्या शेवटच्या भागात ती नियमच मोडते. एका पिढीत एकच स्लेयर कशाला? विलोच्या जादूने ती ताकद जगभरातल्या प्रत्येक संभाव्य मुलीला वाटून टाकते. कुठे एक मुलगी हातात बॅट घेऊन उभी आहे, कुठे एक मुलगी मारायला आलेला हात धरते.

हे लिहिताना हेही सांगायला हवं, की मालिकेचा निर्माता जॉस व्हीडनवर २०२१ मध्ये त्यातल्याच अभिनेत्री करिश्मा कारपेंटर यांनी सेटवरच्या छळाचे आरोप केले. त्याने बरेचसे आरोप नाकारले. मला मात्र तेव्हापासून तो साखळीचा प्रसंग वेगळा दिसतो. मुलींना ताकद देणारे हात नेहमीच स्वच्छ असतात असं नाही. जाइल्ससुद्धा पुढच्या वर्षी परिषदेच्या हुकुमावरून बफीला गुपचूप इंजेक्शन देऊन तिची ताकद काढून घेतो आणि मग स्वतःहून कबुली देतो. चांगला माणूसही तिच्या अठराव्या वाढदिवसाला तिची परीक्षा घ्यायला तयार होतो.

तरी तो गाडीतला प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तिथे जादू नाही, दात नाहीत, तलवार नाही. एक माणूस एका मुलीला म्हणतो की मी तुला दोष देणार नाही, आणि तिच्या शेजारी बसून राहतो. त्याला कुठलीच शक्ती लागत नाही. मलाही त्या सकाळी लागली नसती. फक्त वही बंद करून दोन बाक मागे जायचं होतं.