पातं का तुटलं, हे कोण विचारणार?

अकोल्याच्या मे महिन्यात कूलरचा पंखा थरथरायला लागला की आपण काय करतो? स्टँडखाली पुठ्ठ्याची घडी सारतो. आवाज कमी होतो, पात्यातला दोष तसाच राहतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत २४ वर्षांचा एक तरुण स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेत होता. शेपटीकडचं पातं तुटून मुख्य पात्यावर आदळलं, ते डोक्याला लागून तो गेला. १५ ऑगस्टला तो हे यंत्र लोकांना दाखवणार होता. बातम्यांनी त्याला ‘रँचो’ म्हटलं, जिद्दीचं कौतुक केलं. ते बरोबरच. पण मी वाचलेल्या बातम्या ‘पातं तुटलं’ इथेच थांबल्या. संशोधन करणाऱ्याचा प्रश्न तिथून सुरू होतो.

एक हिशोब करू. तो त्याच्या यंत्राचा नाही, फक्त समजण्यापुरता. मिनिटाला २००० फेरे घेणाऱ्या पंख्यात मध्यापासून अर्ध्या मीटरवर २० ग्रॅम जास्त आहेत. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्रिज्या गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. उत्तर येतं सुमारे ४४० न्यूटन, म्हणजे जवळपास ४५ किलोचा ओढा, सेकंदाला ३३ वेळा गोल फिरणारा! वेग दुप्पट केला तर बल चौपट. अशा सततच्या हिसक्यांनी धातू थकतो, तडा जाऊ शकतो.

म्हणून हेलिकॉप्टरमध्ये दोन गोष्टी तपासतात. पहिली ट्रॅकिंग: सगळ्या पात्यांची टोकं एकाच पातळीतून जातात का? पूर्वी टोकांना वेगवेगळ्या रंगाचा खडू लावून कापडी पट्टीवरचे ठसे बघत. फरक दिसला तर पिच लिंकची लांबी बदलायची किंवा ट्रिम टॅब किंचित वाकवायचा. दुसरी बॅलन्सिंग: थरथर किती आणि फेऱ्याच्या कोणत्या कोनात, हे मोजून छोटी वजनं लावायची. मग पुन्हा मोजायचं. आणि नवं पातं पहिल्यांदा फिरवताना माणूस लांब, आडोशामागे.

जिद्द वऱ्हाडात भरपूर आहे. पण गावातला असा पोरगा आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये येऊन ‘हे मोजून द्या’ म्हणू शकतो का? आपण त्याला आत घेऊ का? ‘जुगाड’चं कौतुक करताना हे आपण स्वतःला विचारत नाही.

तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा एका प्रश्नाचं उत्तर त्यात जरूर द्या: माझा प्रयोग बिघडत असेल, तर मला ते आधी कशावरून कळेल?